लुनाची ठिणगी

गणपतीपुळ्याच्या शेजारीं समुद्राला लागून असलेलें मालगुंड हें गांव केशवसुतांचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. मृगाच्या सरी सुरू झाल्या, कीं या किनाऱ्यावरील खारी, दमट हवा लोखंड, तांबें कांहींच सोडीत नाहीं. पायडल मारून सुरू करावयाच्या गाडीला येथील घाट्यांपेक्षां ही ओलच अधिक जाचते.

अशी गाडी महाराष्ट्रांत घरोघर पोंचली ती लुनेच्या रूपानें. ह. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनें इटलीच्या ‘चाओ’ या गाडीच्या धर्तीवरची ही लुना १९७२ सालीं बाजारांत आणली. इंजिन अवघें ५० घनसेंटिमीटरांचें. पेट्रोल संपलें तर सायकलीप्रमाणें हांकीत घर गांठावें. ठिणगीसाठीं बॅटरीची गरज नव्हती. मग ठिणगी येई कोठून?

त्याचें मूळ १८३१ सालच्या लंडनांत आहे. तारेच्या वेढ्यांजवळचें चुंबकत्व बदललें, कीं तारेंत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरेडे यांनीं त्या वर्षीं दाखविलें. १८३६ सालीं आयर्लंडांतील निकोलस कॅलन या धर्मोपदेशक प्राध्यापकांनीं लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे पुष्कळ वेढे दिले. जाड तारेंतील प्रवाह एकदम तोडला, कीं बारीक तारेंत प्रचंड दाब निर्माण होई. परंतु जेथें प्रवाह तुटे तेथेंच ठिणगी उडून धातु जळे. १८५३ सालीं फीझो या फ्रेंच शास्त्रज्ञानें तेथें कंडेन्सर जोडण्याची युक्ति सुचविली. पॅरिसच्या रुमकॉर्फ या कारागिरानें ही कॉइल इतकी सुधारली, कीं १८६४ सालीं त्यास ५०,००० फ्रँकांचें पारितोषिक मिळालें. पुढें १८९७ सालीं रॉबर्ट बॉश यांनीं फिरत्या इंजिनाच्याच बळावर वीज देणारा मॅग्नेटो एका मोटार-तिचाकीवर बसविला. लुना ही त्या तिचाकीची दूरची नात म्हणावयास हरकत नाहीं.

लुनेच्या फ्लायव्हीलमध्यें चुंबक असतात. ते फिरतांना आंतील वेढ्यांत वीज निर्माण करतात. ऐन वेळीं पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो आणि कॉइलमधून हजारों व्होल्टांचा दाब प्लगपर्यंत जातो. पॉइंटांमधील फट असते अर्ध्या मिलिमीटरहूनहि कमी. तेवढ्या जागेंत तेलाचा एक थेंब अगर गंजाचा पापुद्रा आला, तरी गाडी रुसते.

गाडी रुसली, कीं पुष्कळ ठिकाणीं आधीं नवी कॉइल घातली जाते. ही दुरुस्ती नव्हे, सोडतीचें तिकीट होय, आणि पैसे मात्र गिऱ्हाइकाचे! जाणता मिस्त्री प्रथम प्लग काढून त्याचें धातूचें अंग इंजिनास टेंकवितो व पायडल मारावयास लावतो. निळी, कडक ठिणगी पडली तर दोष अन्यत्र शोधावा. मंद, तांबूस पडली अगर मुळींच पडली नाहीं, तर हात तारांकडे वळतो. या जातीच्या मॅग्नेटोंत इंजिन बंद करण्याचें बटण प्रवाह सांगाड्याकडे वळवून ठिणगी मारतें. हँडलपाशीं घांसून त्या बटणाची तार उघडी पडली व सांगाड्यास लागली, तर बटण न दाबतांहि तेंच घडतें. म्हणून ती तार क्षणभर सोडून पाहावी. ठिणगी परतली, तर काम चार बोटें चिकटपट्टींत भागतें.

त्यानंतर पॉइंट. ते काळे पडले असतील तर बारीक पॉलिश कागदानें साफ करून फट पुन्हां मापून घ्यावी. पॉइंटांवरच निळा जाळ दिसूं लागला, तर कंडेन्सर बदलावा. गाडी तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल, तेव्हांच कॉइलवर संशय घ्यावा. उष्णतेनें आंतील वेष्टण दगा देतें. तरीहि कंडेन्सर तेंच लक्षण दाखवूं शकतो, आणि तो स्वस्त असल्यामुळें आधीं तोच बदलून पाहणें शहाणपणाचें.

किनाऱ्यावर आणखी एक परीक्षा आहे. रात्रीं अंगणांतील दिवा मालवून गाडी चालूं ठेवावी. प्लगच्या तारेवर खाऱ्या ओलीचा थर असला, तर वीज तारेवरूनच सांगाड्याकडे उडतांना काळोखांत स्पष्ट दिसते. तार कोरड्या फडक्यानें पुसावी, आणि तडकलेली असेल तर तेवढीच बदलावी.