गळतीचा इतिहास : पास्कलपासून क्लचपर्यंत

काही वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही दोन शिक्षक सहा विद्यार्थ्यांना घेऊन गोंदियाहून नवेगावबांधचा तलाव पाहायला निघालो होतो. गाडी भाड्याची, जुनी. गोरेगाव मागे पडले आणि गिअर बदलताना करकर आवाज येऊ लागला. चालकाने क्लचचे पेडल दोन-तीनदा भराभर दाबले की गिअर पडायचा, पुढच्या वेळी पुन्हा तेच. कोहमारा येईपर्यंत पेडल पार खाली बसले होते.

"गुरुजी, दोन-तीनदा मारलं की पडते गिअर. जाऊ हळूहळू," चालक म्हणाला. जावे की थांबावे? सोबत दुसऱ्यांची मुले होती. निर्णय चौकाजवळच्या एका मिस्त्रीभाऊंनी घेतला, आणि तो घेताना त्यांनी जे पाहिले त्यामागे सव्वातीनशे वर्षांहून जुना इतिहास आहे.

क्लचचे काम आधी समजून घेऊ. इंजिन फिरत असताना त्याचा गिअरपेटीशी असलेला संबंध क्षणभर तोडायचा आणि गिअर बदलून झाल्यावर तो हळुवार जोडायचा, एवढेच त्याचे काम. इंजिनच्या चाकाला क्लच प्लेट घट्ट दाबून धरणारी स्प्रिंग चांगलीच ताठ असते. ती पायाच्या जोराने मागे सारायची. काही गाड्यांत पेडलापासून क्लचपर्यंत तार किंवा दांडा असतो. आमच्या गाडीत हे काम द्रवाकडे होते. पेडलाजवळ मास्टर सिलिंडर, गिअरपेटीजवळ स्लेव्ह सिलिंडर आणि दोघांना जोडणारी बारीक नळी.

या रचनेचे मूळ फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलपाशी (१६२३–१६६२) सापडते. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे त्याने त्यात मांडले. भांड्याला दोन दट्टे असले आणि एकाचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या शंभरपट असले, तर लहान दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना तोलून धरील. मात्र लहान दट्टा शंभर बोटे सरकला, तर मोठा एकच बोट सरकतो. बळ वाढते, अंतर घटते. फुकट काहीच मिळत नाही.

तत्त्व कळले, पण यंत्र बनायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. इंग्लंडमधल्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. अडचण तत्त्वाची नव्हती, गळतीची होती. दट्टा सैल ठेवला तर कडेने पाणी निसटायचे, घट्ट केला तर तो हलायचाच नाही. यावरचा उपाय ब्रामाच्या कारखान्यातला तरुण कारागीर हेन्री मॉडस्ले याने शोधला, असे सांगितले जाते. त्याने वाटीसारख्या आकाराची चामड्याची चकती बसवली. पाण्याचा दाब वाटीच्या आत शिरून तिची कड भिंतीवर दाबतो. दाब जितका जास्त, तितकी वाटी घट्ट. दाब गेला की वाटी सैल पडते आणि दट्टा सहज परततो.

मोटारीत हीच गोष्ट पुन्हा घडली. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने द्रवावर चालणारे ब्रेक बनवले आणि १९२१ मध्ये ड्युसेनबर्ग कंपनीने ते आपल्या मोटारीच्या चारही चाकांना लावले. सुरुवातीच्या वाट्या कातड्याच्या असल्याने गळत. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीसाठी अभियंत्यांनी रबरी वाट्या आणल्या आणि हे ब्रेक भरवशाचे झाले. त्या काळी या नळ्यांत एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरत. पुढे ग्लायकॉलवर्गीय द्रव आले. ब्रेकमध्ये पटलेली ही रचना क्लचनेही उचलली.

आता कोहमाऱ्याला परत येऊ. मिस्त्रीभाऊंनी पाना हातात घेण्याआधी बॉनेट उघडून द्रवाची टाकी पाहिली. पातळी बरीच खाली होती. मग गाडीतली चटई उचलून पेडलाच्या दांड्यामागे बोट फिरवले. बोट ओले झाले, आणि तिथल्या पत्र्याचा रंगही सोलला होता. हा द्रव रंग खातो, ही त्याची ओळखीची खूण. शेवटी खाली वाकून त्यांनी स्लेव्ह सिलिंडरचे रबरी टोपण सरकवले. तिथे कोरडे होते. "मास्टरची मागची वाटी गेली. द्रव बाहेर, हवा आत," त्यांनी सांगितले.

हवा आत गेल्याने एवढे काय बिघडते? थोडे गणित करू. समजा मास्टरच्या दट्ट्याचा व्यास १६ मिलिमीटर, स्लेव्हचा २० मिलिमीटर, आणि पेडलाची तरफ बळ पाचपट करते. क्षेत्रफळे अनुक्रमे सुमारे २ आणि ३.१४ चौरस सेंटिमीटर. पायाने १०० न्यूटन बळ दिले तर मास्टरवर ५०० न्यूटन पडते आणि द्रवाचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २५ पट होतो. मास्टरचा दट्टा २५ मिलिमीटर सरकला तर स्लेव्हचा १६ मिलिमीटर सरकेल. आता नळीत एक घनसेंटिमीटर हवा शिरली आहे असे धरा. एवढ्या दाबाखाली बॉईलच्या नियमानुसार ती जवळजवळ नाहीशी व्हावी इतकी आकसते. म्हणजे मास्टरची सुमारे ५ मिलिमीटर चाल नुसती हवा दाबण्यात गेली. पेडलाच्या हिशेबात २५ मिलिमीटर. स्लेव्हला १६ ऐवजी १३ मिलिमीटरच चाल मिळते. क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर करकरतो. पेडल भराभर मारले की प्रत्येक वेळी टाकीतला थोडा अधिक द्रव नळीत येतो, म्हणून गिअर तेवढ्यापुरता पडतो. चालकाचा तोडगा खरा होता, पण तो दुरुस्ती नव्हता.

हीच तर्कपद्धत इतर बिघाडांनाही लावता येते. पेडल स्पंजासारखे लागले तर हवा. पेडल दाबून धरल्यावर सावकाश खाली जात असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर मास्टरमधली पुढची वाटी द्रवाला आतल्या आत मागे सोडते आहे. पेडल कडक आहे, द्रव पुरेसा आहे, स्लेव्हचा दांडा पुरता सरकतो आहे, तरीही गिअर पडत नाही, तर दोष द्रवमार्गात नाही. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग किंवा चिकटलेली क्लच प्लेट पाहावी. इंजिनाचा वेग वाढतो पण गाडीचा वाढत नाही, तर प्लेट घसरते आहे. ती झिजली असेल किंवा तिला तेल लागले असेल. याला एक अपवाद आहे. मास्टरमधले परतीचे छिद्र बुजले तर पाय काढल्यावरही दाब अडकून राहतो आणि प्लेट घसरते. तेव्हा स्लेव्हवरचा हवा काढायचा स्क्रू किंचित सैल करावा. द्रव जोराने उडाला आणि घसरणे थांबले, तर प्लेट निर्दोष.

आमच्या चालकाने आणखी एक उपाय सुचवला होता: टाकीत थोडे इंजिन ऑईल ओतावे. मिस्त्रीभाऊंनी त्याचा हातच धरला. "भाऊ, या गाडीत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच आहे." आम्हाला धक्का बसला तो इथे. अशा टाकीत क्लचची नळी वरच्या बाजूला जोडतात, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरता द्रव तळाशी उरतो. बसलेले पेडल हा एका अर्थी इशारा असतो. त्यात खनिज तेल ओतले तर ग्लायकॉलसाठी बनवलेल्या रबरी वाट्या फुगतात, ब्रेकच्यासुद्धा. आपण क्लच वाचवायला जातो आणि ब्रेक गमावतो.

नवी वाटी त्या दिवशी मिळणार नव्हती. गाडी तिथेच सोडून आम्ही एसटीने नवेगावबांधला पोचलो. कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगितला जाणारा तो तलाव काठोकाठ भरला होता. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो, म्हणून पाळ तळाशी रुंद ठेवावी लागते, हे आम्ही मुलांना सांगत होतो. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, पाळ गळते आहे हे कसं कळतं?" उत्तर तिने त्याच दिवशी पाहिले होते. पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी ओल शोधायची, मिस्त्रीभाऊंनी चटईखाली शोधली तशी.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. ५ आणि २० मिलिलीटरच्या, सुया काढलेल्या दोन पिचकाऱ्या सलाईनच्या नव्या नळीने जोडा. त्यांत रंगीत पाणी हवा न राहील असे भरा. लहान दट्टा दाबून मोठा किती सरकतो ते मोजा. मग नळीत मुद्दाम हवेचा बुडबुडा सोडा, मोठ्या दट्ट्यावर एक पुस्तक ठेवा आणि पुन्हा मोजा. दोन मोजमापांतला फरक दिसला की पेडल का बसते, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.