घरातला खर्ज

गेल्या चैत्रात आमच्या घरी एका खोक्यावरून वाद उपस्थित झाला. खोके अद्याप घरात आलेले नव्हते. तरी त्याच्यावरून दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. चिरंजीवांनी स्वतःच्या पैशांनी दोन स्पीकर आणि त्यांना चालवणारे यंत्र आणलेले होतेच. आता त्याचे म्हणणे असे की, "बाबा, याला सबवूफर पाहिजे. त्याच्याशिवाय गाण्याला बूड नाही."

ज्याच्या गल्लीत गणपती बसतो त्याला सबवूफर म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. विसर्जनाच्या रात्री छाताडात जे धडधडते आणि ज्याने फळीवरची भांडी आपोआप पुढे सरकतात, ते त्याचेच थोरले भावंड. मी शाळामास्तर. दहावीच्या वर्गातील मुले अशा धडधडाटात अभ्यास करताना पाहिलेली. तेव्हा माझा विरोध तत्त्वाचा होता आणि तत्त्वाचा विरोध करण्यात जे सुख असते तेही मी उपभोगत होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "आजोबांची कॅसेट लावून बघू. त्यांचा डावा हात ऐकायला येतो का ते तरी बघू."

माझा विरोध तिथेच संपला. माझे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवीत. १९९१ साली शेजाऱ्याच्या टू-इन-वनवर त्यांचे एक भजन आम्ही भरून घेतले होते. वडील गेले, पखवाज गावातल्या मंडळाकडे गेला, आणि घरात उरली ती कॅसेट. ती लावली की टाळ ऐकू येत, मंडळी ऐकू येत, पखवाजाच्या शाईवरची बोटे टिकटिक करीत. पण डावा हात म्हणून काही नव्हताच. बत्तीस-तेहतीस वर्षे मी एका हाताने वाजवणारे वडील ऐकत आलो होतो.

मग मी या गोष्टीचा मागोवा घेऊ लागलो. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकपाशीच संपलेला. परंतु मास्तर माणसाला एखादी वस्तू विकत घेण्यापूर्वी तिचा इतिहास वाचावासा वाटतो. तो वाचला तेव्हा ध्यानात आले की आपल्या घरांतून खर्ज एकदा निघून गेला होता आणि तो परत यावयास पाऊणशे वर्षे लागली.

मुळात तो घरातच होता. आमच्या जिल्ह्यातले गंगाखेड हे जनाबाईचे गाव. जनाबाईचे नाव घेतले की जाते आठवते, आणि जात्याची घरघर हा आमच्या घरांचा पहिला खर्ज. तिच्यावर ओवी उभी राहत असे. ज्या नामदेवांच्या घरी ती राहिली त्यांचे नर्सी हे गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात मोडत होते. तेव्हा टाळ-पखवाज आमच्याकडे कोणी बाहेरून आणून दिला नाही. पखवाजाच्या डाव्या अंगाला, धुमेला, वाजवण्याआधी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात. कातड्यावर वजन पडते, ते सावकाश हालते, आणि सावकाश हालले म्हणून स्वर खाली उतरतो. खर्जाचे सगळे शास्त्र त्या मूठभर कणकेत आहे. आमचे जुने घर माळवदाचे होते. वडील सोप्यात बसून वाजवू लागले की आई आत खांबाला टेकून निवडणटिपण करीत असे.

पुढे यंत्रे आली. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर भरले गेले, तेव्हा विजेचा संबंध नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे आणि आवाजाच्या निव्वळ धक्क्याने सुईने मेणावर रेघ ओढावयाची. या कर्ण्यातून खालचे स्वर जातच नसत. विलायतेत तर भरणावळीच्या वेळी मोठ्या तंतुवाद्याला उठवून त्याच्या जागी पितळी तुतारीवाला बसवीत. मोठ्या ढोलाला दूर ठेवीत. एका थापेने सुई उडाली तर तबकडी वाया. खर्जाला अशा रीतीने दाराबाहेर उभे केले गेले. १९२५ साली वीज आली. त्याच वर्षी अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी, चुंबकात वेटोळे आणि वेटोळ्याला कागदी शंकू, असा स्पीकर कसा असावा हे सांगितले. आजचा सबवूफरही त्याच घराण्यातला. शंकू मोठा आणि पल्ला लांब, इतकाच फरक.

आमच्या मुलखात आवाज रेडिओतून आला. हैदराबादचे रेडिओ केंद्र १९३५ साली निजाम सरकारने आपल्याकडे घेतले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने माघार जाहीर केली ती रेडिओवरूनच, आणि मराठवाड्यातल्या ज्या थोड्या वाड्यांत रेडिओ होते त्यांच्या ओट्यांवर त्या संध्याकाळी काय गर्दी झाली असेल त्याची कल्पना कोणालाही करता येईल. त्या बातमीला खर्ज लागत नव्हता. बातमीला तो कधीच लागत नाही. शब्द मधल्या स्वरांवर चालतात. पुढे परभणीला आकाशवाणीचे केंद्र झाले, १३०५ किलोहर्ट्झवर काटा आणला की आमचेच गाव बोलू लागे, आणि खिशाएवढ्या ट्रान्झिस्टरवर आम्ही भजने, कीर्तने, नाट्यगीते पोटभर ऐकली. खाली काही कमी आहे अशी तक्रार कोणी केली नाही.

का केली नाही, याचेही उत्तर आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात आपल्या वाद्यांविषयी लिहिले. साधा ढोल नुसता गोंगाट करतो. परंतु आपल्या मृदंग-तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई घातल्यामुळे त्यातले वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सुरेल हिशेबात बसतात, असे त्यांनी दाखवले. आणि कानाची गंमत अशी की दुप्पट, तिप्पट, चौपट हे स्वर ऐकू आले, तर मूळ स्वर हजर नसला तरी कान तो मनाने भरून काढतो. ट्रान्झिस्टरवर आम्ही जो खर्ज ऐकत होतो तो पुष्कळसा आमचाच होता. मात्र कानाने भरून काढलेला खर्ज छातीला लागत नाही. बसल्या जागी जमीन हालत नाही.

मग कॅसेटचे दिवस आले. १९९०च्या सुमारास टू-इन-वनच्या खोक्यांवर पीएमपीओ अशी अक्षरे आणि त्यांच्यापुढे शेकड्यांनी वॅट छापलेले असत. तेवढे वॅट खरे असते तर आमच्या आळीचा फ्यूज रोज उडाला असता. तो आकडा म्हणजे क्षणभराच्या उड्यांची, वाटेल तशी केलेली बेरीज. टिकून राहणारी शक्ती आरएमएस या अक्षरांनी सांगतात. खोके घेताना तीच विचारावी.

खर्ज घरी परत आणणाऱ्यांत एक मास्तर होता हे वाचून मला बरे वाटले. एडगर व्हिलचर हे न्यूयॉर्कच्या विद्यापीठात शिकवीत. खालचा स्वर काढावयाचा तर कपाटाएवढी पेटी हवी, असा तोवरचा समज. यांनी १९५४ साली लहानशी बंद पेटी बाजारात आणली आणि आत कोंडलेल्या हवेलाच शंकूची स्प्रिंग केले. पहिल्या नमुन्यातल्या शंकूची मऊ कड म्हणे गादीच्या कापडाची होती आणि तिचे बेत पत्नीने काढून दिले होते. कणकेच्या गोळ्यापासून हे फार दूर नाही. १९६१ साली ऑस्ट्रेलियात थीले यांनी भोकाच्या पेटीचे गणित बसवले, आणि पुढच्या दशकात स्मॉल यांनी ते पुरे केले. कोकणस्थांकडे अष्टमीला घागर फुंकतात. घागरीच्या तोंडावर फुंकर घातली की आतली हवा एका स्वरात घुमते, तसेच पेटीचे भोक एका ठराविक स्वराला जोर देते.

तरी वेगळे, स्वतःचे यंत्र पोटात बाळगणारे खर्जाचे खोके घरोघर गेले ते सिनेमामुळे. १९७४ साली 'अर्थक्वेक' चित्रपटासाठी अमेरिकेतल्या चित्रगृहांत अजस्र स्पीकर बसवून खुर्च्यांखालची जमीन हालवली गेली. १९९२ पासून डॉल्बीच्या आकडी पद्धतीत चित्रपटाच्या आवाजाचे पाच पूर्ण प्रवाह आणि सहावा नुसत्या खर्जाचा, १२० हर्ट्झपर्यंतचा, अशी वाटणी झाली. फाइव्ह पॉइंट वन म्हणतात त्यातला तो पॉइंट वन. म्हणजे जो खर्ज भजनातून निघून गेला तो भूकंपाच्या पाठीवर बसून परत आला. दुकानात गेले की अजूनही आधी स्फोट ऐकवतात, त्याचे कारण हे.

आम्हालाही स्फोटच ऐकवला. चिरंजीवाने कॅसेट मोबाइलमध्ये उतरवून घेतली होती, ती लावा म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "सर, वूफर घ्यायला येऊन पखवाज लावा म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं." त्याने बारा इंची, भोकाची, भिंत हादरवणारी पेटी सुचवली. आम्ही दहा इंची बंद पेटी घेतली.

कारणे सांगतो, कोणाच्या उपयोगी पडतील. पुरुषाच्या पांढरी एकमधला खर्ज सुमारे ६५ हर्ट्झचा असतो. भजन ऐकणाऱ्याला चाळीसच्या खाली फारसे काम नाही. भूकंप पाहणाऱ्याला आहे. एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज काढावयाचा तर शंकूला चौपट हालावे लागते, म्हणून अगदी लहान शंकू नको. भोकाची पेटी कमी शक्तीत अधिक घुमते. बंद पेटी थाप पडली की लगेच गप्प होते. पखवाजाला ते गप्प होणे हवे, नाहीतर एक बोल दुसऱ्यात सांडतो. वॅटच्या आकड्याला भुलू नये. कानाला आवाज दुप्पट वाटावा असे म्हणाल तर शक्ती सुमारे दहापट लागते. शंभरचे दोनशे केले तर फरक जेमतेम कळतो.

आणि खरी निवड घरी आल्यावर करावयाची असते. आमची बैठकीची खोली चौदा फूट लांब. ४० हर्ट्झची लाट अठ्ठावीस फुटांची, म्हणजे तिची अर्धी लांबी बरोबर आमच्या भिंतींत बसते. परिणाम असा झाला की भिंतीला टेकलेला चिरंजीव "बास, बास" म्हणत होता आणि खोलीच्या मध्यभागी बसलेला मी "आवाज कुठाय?" म्हणत होतो. दोघेही खरे बोलत होतो. यावर उपाय मजेदार आहे. पेटी आपल्या बसण्याच्या जागी ठेवावयाची, गाणे लावावयाचे आणि आपण भिंतीकडेने रांगावयाचे. जिथे खर्ज सारखा लागेल तिथे पेटीची कायमची जागा. मी रांगत असताना शाळेतले दोन पालक प्रवेशाच्या चौकशीला आले, ही गोष्ट वेगळी. पेटीच्या मागे दोन गुंड्या असतात. पहिलीने ठरते की कितव्या स्वराखाली पेटीने बोलावे. ती ८०च्या आसपास ठेवली, कारण त्याखाली आवाज कोणत्या बाजूने येतो ते कानाला कळत नाही. दुसरी आवाजाची, ती वाढवत जावे आणि पेटी वेगळी ऐकू आली की मागे यावे. पेटी चालू आहे हे कळता कामा नये; बंद केल्यावर मात्र चुकल्यासारखे वाटावे.

हे सर्व झाल्यावर कॅसेट लावली. प्रथम आला तो एक अखंड गुणगुणाट. तो विजेचा होता; १९९१ सालच्या त्या दिवशी यंत्र सेलवर न चालवता बोर्डात लावले होते, त्याची ती ५० हर्ट्झची साक्ष. तीन दशके लहान स्पीकरने ती झाकून ठेवली होती. नंतर टाळ आले, आणि त्यांच्याखाली काहीतरी हालले. थाप होती, पण दबलेली. चिरंजीवाने शोधून सांगितले की त्या टू-इन-वनमध्ये आवाज मोठा झाला की आपोआप दाबणारी सोय असे. वडिलांनी जितक्या जोराने थाप दिली तितके यंत्राने ती खाली ओढली. जे फितीवर उतरलेच नाही ते जगातली कोणतीही पेटी देऊ शकत नाही. नवी पेटी जुने कान देत नाही. ती फक्त फितीवर जेवढे होते तेवढे लपवीत नाही.

मी थोडा हिरमुसलो. आवाजाची गुंडी वाढवावी म्हणून उठलो, तो आई म्हणाली, "असू दे तेवढंच." ती पलंगावरून उतरून खाली फरशीवर बसली होती. पाठ भिंतीला आणि तळहात फरशीवर उपडा ठेवलेला. भजन संपेपर्यंत ती तशीच बसली. मध्ये एका ठिकाणी वडील चुकून लय पुढे ओढतात, तिथे ती हसली. ती चूक मी आजवर ऐकलीच नव्हती, कारण ती डाव्या हाताची होती.

"खांबातून यायचं तेवढं नाही," ती म्हणाली, "पण येतंय."

दहा वाजत आले होते. रात्री दहानंतर मोठ्याने वाजवावयाचे नाही असा २००० सालापासूनचा नियम आहे आणि तो मी मुलांना वर्गात शिकवतो. चिरंजीवाने पेटी बंद केली.