उघडे दार आणि मिटलेले डोळे : पंडिता रमाबाईंच्या प्रार्थनेचा इतिहास

१८७८ साली रमाबाई डोंगरे आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री कलकत्त्यात होते. तेथे एका ख्रिस्ती मेळाव्याचे त्यांना निमंत्रण आले. मेळाव्यातील मंडळींनी प्रार्थनेसाठी खुर्च्यांसमोर गुडघे टेकले, डोळे मिटले आणि ती काही बोलू लागली. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही. ही माणसे खुर्च्यांचीच पूजा करीत असावीत, असे या भावंडांना वाटले. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात रमाबाईंनीच हा प्रसंग सांगितला आहे. वाचताना आपल्याला हसू येते, पण त्या हसण्यामागे एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. प्रार्थना करणारा माणूस बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो. तो कोणाशी बोलतो आहे, ते मात्र दिसत नाही. मग प्रार्थनेचा इतिहास लिहायचा तरी कसा?

प्रार्थनेने काय साधते, या प्रश्नाचे धर्मशास्त्रीय उत्तर देणे हा येथे उद्देश नाही. एका मराठी स्त्रीच्या आयुष्यात प्रार्थनेचा अर्थ कसकसा बदलत गेला आणि त्या बदलातून कोणाला बोलण्याचा अधिकार मिळाला, एवढेच पाहायचे आहे.

रमाबाईंच्या प्रार्थनाजीवनाची सुरुवात दुष्काळात होते, हे आपण पुरेसे ध्यानात घेत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, देवळांत पुराणे वाची आणि श्रोते जे देतील त्यावर राही. १८७०च्या दशकातील दुष्काळात हा आधार तुटला. जवळचा पैसा दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत संपत गेला. स्नाने, उपवास, जपजाप्य चालूच राहिले. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीण. देवाने हाक ऐकली नाही, ही रमाबाईंच्या आयुष्यातील पहिली धार्मिक जाणीव होती. त्यांच्या पुढच्या सगळ्या प्रार्थनेच्या तळाशी ही न ऐकली गेलेली हाक आहे.

येथे मराठी वाचक एक रास्त आक्षेप घेईल. देवाशी ‘तू’ म्हणून बोलणे, त्याच्याशी भांडणे, त्याला घरातल्या कामाला जुंपणे हे आपल्या संतांनी शतकानुशतके केलेले नाही काय? जनाबाईला आणि तुकोबांना यासाठी मिशनऱ्यांची वाट पाहावी लागली नाही. हा आक्षेप खराच आहे. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले, तेही याच अर्थाने. परंतु रमाबाईंच्या घरची वाट वारकऱ्यांची नव्हती, संस्कृत पुराणपठणाची होती. तेथे शब्द शुद्ध उच्चारणे हेच पुण्य होते. ऐकणाऱ्याला तो कळलाच पाहिजे, अशी अट नव्हती. आपले स्वतःचे शब्द देवापुढे मांडायचे ही कल्पनाच त्यांना नवी होती, आणि म्हणूनच खुर्च्यांचा तो घोटाळा झाला.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्म्याने प्रश्न सुटला नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात पानोपानी वाद आहे. चर्च सांगते म्हणून एखादी गोष्ट मानायला ही विदुषी तयार नाही. पुढे मागे वळून पाहताना त्यांनी स्वतःच कबूल केले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. १८९१च्या सुमारास त्यांच्या श्रद्धेला जे वळण लागले, ते या जाणिवेतून.

नेमक्या याच वेळी प्रार्थना ही खासगी बाब न राहता पुण्याच्या सार्वजनिक जीवनातील वादाचा विषय झाली. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले शारदासदन पुण्यास आले होते. उच्चवर्णीय बालविधवांना तेथे शिक्षण मिळे, आणि संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. सदनातील काही मुली येऊन बसू लागल्या. कोणी त्यांना बोलावले नव्हते आणि कोणी हाकललेही नाही. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि काही पालकांनी मुलींना सदनातून काढून नेले.

या प्रसंगाकडे केवळ सनातनी विरुद्ध सुधारक असे पाहता येत नाही, कारण बाहेर पडणारे स्वतः सुधारक होते. रानडे आणि भांडारकर हे तर प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ. ज्यांच्या समाजाच्या नावातच प्रार्थना आहे, त्यांना एका बाईची प्रार्थना संस्थेला न पेलणारी वाटली. त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. तटस्थतेचा शब्द देऊन मुली मागितल्या होत्या, आणि चालक स्त्रीचे नुसते वागणेही आश्रित मुलींवर प्रभाव टाकते. दार उघडे ठेवणे ही कृती दिसते तितकी निष्पाप नसते. पण रमाबाईंचा प्रश्नही तितकाच टोकदार होता. इतर मुली आपापल्या धर्माचे आचार पाळतात, मग मी माझ्याच खोलीत चोरून का प्रार्थना करावी?

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो, की प्रार्थना लोकांना दाखवण्यासाठी करू नका. आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या. रमाबाईंना हे वचन ठाऊक नसणे शक्यच नव्हते. तरीही त्यांनी दार उघडे ठेवले. मला वाटते, येशूच्या उपदेशातील बंद दार हे दांभिकांसाठी होते. ज्यांना समाजाने आधीच बंद दाराआड कोंडले होते, त्यांच्यासाठी नव्हते. बालविधवेच्या बाबतीत बंद खोली ही एकांताची जागा नसते, ती शिक्षेची जागा असते.

१८९६–९७च्या दुष्काळात इतिहासाने रमाबाईंना पुन्हा आरंभबिंदूशी आणून उभे केले. मध्य प्रांतातल्या भुकेल्या मुलींच्या चेहऱ्यांत त्यांना आपलेच जुने घर दिसले. या वेळी त्या प्रार्थना करून थांबल्या नाहीत. मुलींना घेऊन आल्या, आणि पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर ‘मुक्ती’ उभी राहिली. ब्रिस्टॉलमध्ये कोणापुढे हात न पसरता अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते, आणि तो आदर्श त्यांच्यापुढे होता. मुलींची संख्या हजारावर गेली. शेती, विणकाम, छापखाना, शाळा हे सारे त्या मुलीच चालवीत. प्रार्थना आणि श्रम यांची ही सांगड महत्त्वाची आहे. अनंतशास्त्र्यांच्या कुटुंबाला शारीरिक कष्टाचे काम करणे प्रतिष्ठेच्या आड येत होते. मुक्तीत प्रार्थनेला बसणारे हातच विहिरीवर आणि मागावर राबत होते.

जानेवारी १९०५मध्ये रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र येऊन प्रार्थना करण्याचे आवाहन केले. सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५०वर गेली. वेल्समधील धर्मजागृतीच्या वार्ता तोवर सर्वत्र पसरल्या होत्या. जूनच्या अखेरीस केडगावात जे घडले त्याचे वर्णन साक्षीदारांनी विस्ताराने केले आहे. मुली मोठ्याने रडू लागल्या, आपली पापे सांगू लागल्या, अंगात अग्नी संचारल्याचे बोलू लागल्या. शेकडो जणी एकाच वेळी, आपापल्या शब्दांत, मोठ्या आवाजात प्रार्थना करीत होत्या. लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध जागृती १९०६ची, म्हणजे केडगावच्या नंतरची. रमाबाईंच्या सहकारी मिनी अॅब्रम्स यांनी यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतील व्हालपाराइसो येथे हूव्हर दांपत्याच्या हाती पडली, आणि १९०९च्या चिलीमधील पेंटेकॉस्टल चळवळीला तिने चालना दिली. दौंड तालुक्यातील एका माळरानावरचा आवाज असा पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत गेला.

हा गोंगाट अनेक ख्रिस्ती मंडळींनाही रुचला नाही. हा उन्माद आहे, शिस्त नाही, असे म्हटले गेले. रमाबाईंनी मुलींना गप्प केले नाही. पुण्यातल्या सुधारकांना उघडे दार खटकले होते, येथे स्वकीयांना मोठा आवाज खटकला. दोन्ही वेळा रमाबाईंचे उत्तर एकच राहिले.

लूकच्या शुभवर्तमानात एका विधवेचा दृष्टान्त आहे. अन्यायी न्यायाधीशाच्या दारी ती पुन्हापुन्हा जाते आणि तिच्या चिकाटीला कंटाळून तो अखेर तिला न्याय देतो. प्रार्थना सोडू नये, हे सांगण्यासाठी येशूने विधवाच का निवडली असावी? जिच्याकडे पैसा नाही, वशिला नाही, तिच्यापाशी फक्त आवाज उरतो. केडगावच्या मुलींना आजवर कोणी विचारले नव्हते, की तुला काय हवे, तुला कशाचे दुःख आहे. प्रार्थनेत त्या पहिल्यांदा प्रथमपुरुषी एकवचनात बोलल्या. प्रार्थनेचे सामर्थ्य इतिहासकाराला दिसू शकते ते येथे. अर्थात पोटाला अन्न देणाऱ्या संस्थेत राहणाऱ्या अनाथ मुलीची प्रार्थना कितपत स्वतंत्र होती, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचे सरसकट उत्तर देता येणार नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट अस्वस्थ करते. या शेकडो मराठी उद्गारांपैकी आपल्यापर्यंत जे पोहोचले, ते बहुतांशी मिशनरी स्त्रियांच्या इंग्रजी अहवालांतून. मूळ मराठी शब्द हवेत विरले. रमाबाईंना या उणिवेची जाणीव होती की नाही, सांगता येत नाही. पण आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी जे काम हाती घेतले ते या दृष्टीने बोलके आहे. प्रचलित मराठी बायबलाची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बायकांना कळत नाही, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या मराठीत स्वतंत्र भाषांतर केले. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळवले. जिने बालपणी न कळणाऱ्या श्रोत्यांपुढे संस्कृत पुराणे वाचली, तिने अखेरीस संस्कृत शब्द गाळत गाळत एक ग्रंथ रचला.

जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. मुक्तीचा भार पुढे तिनेच वाहायचा होता. गेथशेमाने बागेत येशूने केलेली प्रार्थनाही मागितले ते मिळण्याची नव्हती, हे रमाबाईंना कोणी सांगण्याची गरज नव्हती. मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल छापून झाले ते १९२४ साली. वडिलांच्या मृत्यूला तेव्हा पन्नास वर्षे होत होती.