चौदा अर्ज

शाळेच्या पुस्तकात 1946 चं नाविकांचं बंड दोन ओळींत उरकून टाकतात. बंड झालं, बंड मिटलं. बंडाच्या आधी अर्ज होते, हे कोणी सांगत नाही. मला त्या अर्जांबद्दल लिहायचं आहे. कारण अर्ज करून करून ज्यांची पिढी सरली, ती माणसं आपलीच.

मुंबईत कुलाब्याला 'तलवार' नावाचा नौदलाचा तळ होता. संदेशवहनाचं शिक्षण तिथं मिळायचं. जेवण निकृष्ट. गोऱ्याचा पगार वेगळा, वागणूक वेगळी. कमांडर किंग नावाचा अधिकारी पोरांना कुलीची अवलाद, जंगली अशा शिव्या घालायचा. बलाईचंद्र दत्त या नाविकानं भिंतीवर घोषणा लिहिल्या, तर 2 फेब्रुवारीला त्याला पकडलं. मग चौदा नाविकांनी किंगविरुद्ध तक्रारी केल्या. प्रत्येकानं वेगवेगळी. काहून? लष्करी कायद्यात सगळ्यांनी मिळून एक कागद दिला तर ते बंड ठरतं. आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध, तोच पुढ्यात बसला. खोटी तक्रार हा गुन्हा आहे, नीट विचार करा, असं त्यानंच बजावलं.

ही मेख समजून घे भाऊ. एकटा बोलला तर खोटारडा. मिळून बोलले तर बंडखोर. गप राहिला तर शिस्तीचा.

18 फेब्रुवारीला 'तलवार'वर संप झाला. बघता बघता 78 जहाजं आणि सुमारे 20,000 नाविक त्यात उतरले. 22 तारखेला मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर आले. परळला कमल दोंदे गोळीनं गेल्या. शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली. 23 ला नाविकांनी हत्यार खाली ठेवलं. कोणावर सूड उगवला जाऊ नये यासाठी काँग्रेस प्रयत्न करेल, असा शब्द वल्लभभाई पटेलांनी दिला होता.

सूड उगवलाच. 476 जणांना नोकरीतून काढलं. पुढं स्वराज्य आलं, पण ना भारताच्या नौदलानं त्यांना परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. साहेब बदलला, शेरा तोच राहिला.

हे मुंबईचं, आपल्याला काय, असं म्हणू नका. तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती, आणि जबलपूर याच प्रांतात. त्याच फेब्रुवारीच्या अखेरीस जबलपूरच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरचे सुमारे 1700 जवान उठले. मुंबईचा गोळीबार, पगारातला आणि जेवणातला भेदभाव, हीच त्यांची कारणं. त्यांच्यावर संगिनी चालवल्या. कित्येकांना कैद, कित्येकांची हकालपट्टी, पेन्शनही गेलं. त्यांचं नाव आपल्याकडं कोण घेतो?

आपल्या माणसांचा अनुभव याहून जुना. महारांची भरती इंग्रजांनी बंद केली, तेव्हा पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली अर्ज लिहिला. 1910 साली शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. महायुद्धात गरज पडली तशी 1917 ला पलटण उभारली, 1921 ला मोडली. महार रेजिमेंटला 1941 उजाडलं. त्या अर्जांना संगीन नाही मिळाली, मौन मिळालं. मौन हेही सरकारी उत्तरच.

ही गोष्ट संपलेली नाही. जानेवारी 2017 मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या तेजबहादूर यादवनं करपलेली पोळी आणि पाण्यासारखी डाळ मोबाइलवर देशाला दाखवली. एप्रिलमध्ये तो बडतर्फ. डाळीची चौकशी बाजूला, आधी बोलणाऱ्याची.

मी मिलमध्ये काम करतो. आमच्या खात्यात सुपरवायझरच्या शिव्यांची तक्रार त्याच सुपरवायझरच्या हातून वर जाते. गावात ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला गेलं की उलटी फिर्याद तयार असते. वर्दी असो, खाकी असो की मिलचा पास, रीत एकच: आग कोणी लावली ते राहू द्या, आग लागली म्हणून ओरडला कोण ते सांगा.

म्हणून नाविकांचं बंड शिकवायचं असेल, तर त्या चौदा अर्जांपासून शिकवा. पहिला अर्ज लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी एकटं सोडायचं नाही, एवढाच त्यातला धडा. चौदांच्या मागं वीस हजार उभे राहिले, तेव्हा सरकारला ऐकू गेलं.

वीस हजार नंतर पाहू. आपण आधी चौदा होऊ.