इर्क-उन-नसा : एका जुन्या दुखण्याचा इतिहास

अब्बांना नमाजमध्ये उभे राहणे कठीण होऊ लागले. पाय जड व्हायचे, मुंग्या यायच्या. रुकूसाठी वाकले की मात्र बरे वाटायचे. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी निदान केले, 'इर्कुन्निसा'.

मी उर्दूचा शिक्षक, म्हणून आधी शब्दच तपासला. मूळ अरबी 'इर्क-उन-नसा'. 'नसा' म्हणजे कमरेखालून पायात उतरणारी रग. 'निसा' म्हणजे स्त्रिया; त्यांचा या आजाराशी संबंध नाही. इब्न सिना (980-1037) यांच्या 'अल-कानून'मध्ये हे दुखणे आहे. पण नाव जुने असले तरी कारण कळायला शतके लागली.

1764 मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी दाखवले की हे दुखणे सांध्याचे नसून नसेचेही असू शकते. 1934 मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेल्या चकतीकडे बोट दाखवले. 1954 मध्ये डच शल्यविशारद फर्बीस्ट यांनी मणक्यांमधली नळीच अरुंद झाल्यावर काय होते ते मांडले : उभे राहिले, चालले की त्रास, बसले, वाकले की आराम. वाकल्यावर नळी थोडी रुंदावते. अब्बांच्या रुकूचे कोडे मला इथे सुटले.

पण त्यांच्या एमआरआयमध्ये नळी अडवली होती ती चरबीने. नसांच्या आवरणाभोवती थोडी चरबी प्रत्येकालाच असते, गादीसारखी. ती वाढली की नसा दाबल्या जातात. लठ्ठपणा हे तिचे एक कारण, स्टेरॉइड हे दुसरे.

हा अध्याय अगदी अलीकडचा. 1948 मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिले. खिळलेली माणसे चालू लागली. 1950 मध्ये हेंच यांना केंडल आणि राइखश्टाइन यांच्यासह नोबेल मिळाले. आणि 1975 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी मूत्रपिंड-रोपणानंतर स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात चरबीने मज्जारज्जू दाबला गेल्याची नोंद केली. ज्या औषधाने माणसे चालवली, त्याच्याच अतिवापराने पाय अडवले.

डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या कुठल्या घेता?" गुडघेदुखीसाठी अब्बा कित्येक वर्षे कागदाच्या पुडीतल्या, बिननावाच्या गोळ्या घेत होते. आणून देणारा मीच होतो. लगेच आराम पडायचा, म्हणून कधी नाव विचारले नाही. मुलांना शब्दाचे मूळ शोधायला शिकवणारा मी, घरात येणाऱ्या गोळीचे नावही विचारू शकलो नाही.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या हळूहळू कमी केल्या. त्या एकदम थांबवणे धोक्याचे असते. वजन उतरवले. शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. काहींवर ती येते. लघवी-शौचावरचा ताबा जाऊ लागला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे लागते.

अब्बा आता खुर्चीवर बसून नमाज पढतात, पण मशिदीपर्यंत चालत जातात. आपल्या घरातल्या पुडीवर नाव आहे का, एवढे आज पाहा.