खेळांची प्रतवारी

आवडीनिवडीचा क्रम लावणें हा मनुष्याचा फार जुना छंद आहे. कवि, गायक, नाटकें, गड, आंबे, यांत श्रेष्ठ कोण या प्रश्नावर आपल्याकडील ओसऱ्यांवर आणि पारांवर जितका वाद झाला असेल, तितका दुसऱ्या कशावर क्वचितच झाला असेल. परंतु या वादांतली गोम अशी कीं, वाद घालणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं सगळे आंबे चाखलेले असतात. ज्यानें दोन चाखले तो तिसऱ्यास खुशाल नांवें ठेवतो. आम्हीहि याला अपवाद नव्हतों. गेल्या दोन उन्हाळ्यांत मात्र आमच्यावर असा प्रसंग आला कीं, एका लांबलचक यादींतील प्रत्येक जिन्नस स्वतः अनुभवून मगच त्याचा क्रमांक ठरवावा लागला. जिन्नस म्हणजे आंबे नव्हेत, व्हिडिओ गेम.

आमचें घर माण तालुक्यांत, दहिवडीच्या जवळ आहे. हा पर्जन्यछायेचा मुलूख. चैत्र-वैशाखांत दुपारीं दाराबाहेर पाऊल टाकवत नाहीं. पुण्यास शिकणारा आमचा पुतण्या सुटींत येतो, तो एरवीं चार दिवसांत कंटाळून परत जातो. दोन वर्षांपूर्वीं तो आला तो संगणक आणि साठ नांवांची यादी घेऊनच. १९५८ पासून २०२० पर्यंतचे साठ खेळ त्यानें सनावार मांडले होते. अटीहि त्यानेंच घातल्या. खेळ सनाच्या क्रमानेंच खेळावयाचे. प्रत्येकास निदान एक तास द्यावयाचा. आणि तोंवर खेळलेल्या खेळांत त्याचा क्रमांक कितवा, हें त्याच दिवशीं वहींत लिहावयाचें. पुढें क्रमांक पालटला तर जुना आंकडा खोडावयाचा नाहीं, शेजारीं नवा मांडावयाचा. आमची साठी जवळ आलेली, बोटें मंद; तरी आम्ही कबूल झालों. प्रौढ माणसानें असल्या पोरखेळांत वेळ दवडावा काय, असें कोणी विचारील. पत्त्यांच्या डावावर दुपारच्या दुपारी घालविलेल्या आमच्या पिढीनें तरी हा प्रश्न विचारूं नये.

सनावारीची अट प्रथम जाचक वाटली; तिचें मर्म पुढें कळलें. यादींतला पहिला खेळ अमेरिकेंतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेंतला होता. विल्यम हिगिनबॉथम या पदार्थविज्ञानवेत्त्यानें १९५८ सालीं, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांचें मन रमावें म्हणून, विद्युल्लहरी दाखविणाऱ्या यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर टेनिस मांडलें. आडवी रेघ म्हणजे मैदान, उभी रेघ म्हणजे जाळें, ठिपका म्हणजे चेंडू. मूळ यंत्र लौकरच मोडून टाकण्यांत आलें. आम्ही खेळलों ती त्याची नक्कल. त्यानंतर १९६२ चा ‘स्पेसवॉर’ आणि १९७२ चा ‘पाँग’. पुतण्यास पुढचे सारे खेळ ठाऊक असल्यामुळें तो या तिहींकडे पाहून हंसत होता. आम्हांस पुढचें कांहींच ठाऊक नव्हतें, म्हणून आम्हीं ‘पाँग’ला निःशंकपणें पहिला क्रमांक दिला. शेजारीं दुसरें माणूस बसल्यावांचून तो खेळतांच येत नाहीं, हा त्याचा गुण आम्हांस फार मोठा वाटला. आज वहींत त्याच्यापुढें आंकड्यांची माळ आहे: १, १, २, ४, ७, ११. अकरावर तो थांबला. पुतण्याच्या रकान्यांत तो अठ्ठेचाळिसावा आहे. ज्यानें शेवटापासून पाहिलें त्याला ‘पाँग’ दरिद्री दिसतो. ज्यानें आरंभापासून पाहिलें त्याला तो कांहींच नव्हतें तेथें उगवलेला दिसतो. इतिहास वाचणाऱ्यांत असे दोन पक्ष नेहमींच असतात.

‘पाँग’ला पहिल्या जागेवरून खालीं ओढलें तें १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’नें. तोमोहिरो निशिकादो या जपानी गृहस्थानें तो रचला. वरून शत्रूंच्या रांगा उतरत येतात, खालून आपण त्यांस टिपावयाचें. शत्रु जसजसे कमी होतात तसतशी उरलेल्यांची चाल वाढते आणि छातीची धडधडहि. आम्हांस ही योजना फार कल्पक वाटली होती. पण ती मुळांत योजना नव्हतीच. यंत्राची शक्ति बेताची. पडद्यावर काढावयाचीं चित्रें घटलीं कीं त्याचा भार उतरे आणि तें आपोआप धांवूं लागे. निशिकादोनें तें ध्यानांत येऊनहि तसेंच राहूं दिलें. ही हकीकत कळल्यावर आमच्या मनांत खेळाची किंमत उतरली नाहीं, उलट वाढली. १९८० च्या ‘पॅक-मॅन’ची गोष्ट याच्या उलट. तेथें यंत्राची मर्यादा शेवटीं वैऱ्यासारखी उभी राहते: २५६ वा डाव लागतांच अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्यानें भरून जातो, कारण डावांची मोजदाद ठेवणाऱ्या जागेंत २५५ च्या पुढें आंकडाच मावत नाहीं. आम्ही अर्थात् पांचव्या डावापलीकडे गेलों नाहीं.

१९८२ च्या ‘ई. टी.’विषयीं चार शब्द लिहिणें अवश्य आहे; कारण जगांतील बहुतेक याद्यांत तो तळाशीं असतो. एका गाजलेल्या चित्रपटावरून नाताळच्या बाजारासाठीं अवघ्या पांच-एक आठवड्यांत तो तयार करविला गेला. तो फसला, आणि न विकलेला माल कंपनीनें १९८३ मध्यें न्यू मेक्सिकोंतील ॲलमोगोर्डो गांवच्या कचरा-डेपोंत पुरला. २०१४ सालीं तो उकरून काढण्यांत आला, तेव्हां पुष्कळांस दंतकथा वाटणारी गोष्ट खरी ठरली. आम्हीं त्यास दोन संध्याकाळ दिल्या. नायक सारखा खड्ड्यांत पडतो आणि वर येतांच पुन्हा पडतो, एवढाच लोकांचा आक्षेप. माणदेशांत ज्यांनीं कोरड्या विहिरी खणल्या आहेत त्यांना यांत नवल वाटूं नये! पांच आठवड्यांत एकट्या माणसाच्या हातून याहून अधिक काय व्हावयाचें होतें? आम्हीं त्यास बावन्नावा ठेवला. शेवटचे आठ याहून निर्जीव होते. त्यांचीं नांवें येथें देण्याचें कारण नाहीं.

मॉस्को येथें अलेक्सी पाजित्नोव्हनें १९८४ च्या सुमारास रचलेल्या ‘टेट्रिस’वर आम्हां दोघांचें एकमत झालें. ज्या रशियन यंत्रावर तो प्रथम चालला त्याला चित्रें काढतांच येत नसत. कंसाच्या खुणा जोडून ठोकळे दाखवावे लागत. आमच्या घरांतून शेरा मिळाला तो असा: “हें तर माळ्यावर डबे रचणें आहे, यांत शिकायचं काय?” आणि खरोखरच पहिल्याच दिवशीं त्यांनीं आम्हां दोघांहून अधिक ओळी जुळविल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें २०१२ सालीं जे चौदा खेळ आपल्या संग्रहांत घेतले त्यांत हा आहे. रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयानें २०१५ सालीं मानाची यादी आरंभिली, तिच्या पहिल्या सहांतहि हा आहे. आमच्या वहींत तो दोन्ही रकान्यांत दुसरा.

पहिला कोणता, यावर मात्र भांडण झालें. आम्हीं तेथें १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ बसविला. जॉर्डन मेक्नर यानें आपल्या धाकट्या भावास धांवावयास, उड्या मारावयास लावून त्याचें चित्रीकरण केलें आणि त्यावरून एकेक आकृति काढून राजपुत्राची चाल घडविली. साठ मिनिटांत राजकन्येची सुटका करावयाची; घड्याळ थांबत नाहीं. पडतांना कांठास धरलेलीं बोटें, यांसारख्या गोष्टी त्यापूर्वींच्या पडद्यावर आम्हांस कोठें दिसल्या नव्हत्या. पुतण्यानें त्यास चौदावा दिला. आम्हीं कारण विचारलें. तो म्हणाला, “काका, तुम्ही खेळाला क्रमांक देत नाही. साताऱ्याला नोकरीत असताना कचेरी सुटल्यावर चौघे मित्र एका संगणकाभोवती बसत होतात, त्या दिवसांना देताय.”

हा आरोप खोटा आहे असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. ते चौघे आज चार दिशांस आहेत, आणि एक तर नाहींच. पण मग निर्लेप क्रमांक कोणाचा? पुतण्यानें पहिला दिलेला खेळ त्यानें वसतिगृहांत पहिल्या वर्षीं रात्रीं जागून खेळलेला आहे, हें त्यानेंच आम्हांस सांगितलें होतें. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेंत या अडचणीची कबुलीच दिलेली आहे. दहा अवतार, प्रत्येकाचीं बारा, अशीं १२० पानें. त्यांतल्या पांच रंगांत दहा ठिपक्यांचें पान मोठें आणि एक ठिपक्याचें लहान. उरलेल्या पांचांत नेमकें उलट. शिवाय डाव दिवसा मांडला तर रामाचा मान पहिला, रात्रीं मांडला तर कृष्णाचा. ज्यांनीं हा नियम केला त्यांना थोरपण वेळेवर अवलंबून असतें हें पुरतें ठाऊक असावें.

यादींत पुढें १९९७ चा ‘स्नेक’ आला. तानेली आर्मांतो यानें नोकियाच्या मोबाइलसाठीं रचलेला हा सापाचा खेळ आमच्या भागांत अनेकांनीं आयुष्यांत खेळलेला पहिला व्हिडिओ गेम होय. त्याला वीज लागत नसे, सायंकाळीं एकदां भरून घेतलेला मोबाइल पुरे. त्यासाठीं लागणारा जुना मोबाइल मागावयास आम्ही माळावर एका ओळखीच्या वृद्ध धनगराकडे गेलों. त्यानें तो दिला. आणि पुतण्या कशासाठीं नेत आहे हें ऐकून बसल्या जागेजवळच्या खडकाकडे बोट दाखविलें. खडकावर रेघा कोरलेल्या होत्या: वाघ-शेळ्यांचा पट. मेंढरें चरत असतां राखणारांनीं खेळावयाचा. वाघानें उडी मारून शेळी खावी, शेळ्यांनीं मिळून वाघ कोंडावा. पुतण्यानें विचारलें, वाघ किती आणि शेळ्या किती? उत्तर आलें, “त्ये गावागावावर हाय.” पुतण्या बसला आणि दोनदां हरला. आम्ही एकदां हरलों. दुसऱ्यांदा बसलों नाहीं.

घरीं येतांना आम्हीं म्हटलें, हा तुझ्या यादींत कां नसावा? तो पडद्यावरचा खेळ नव्हे, हें त्याचें उत्तर रास्तच होतें. पण थोड्या वेळानें तो आपणहून म्हणाला कीं, घालावयाचा म्हटला तरी सनावार यादींत कोठें घालणार? सन नाहीं, कर्त्याचें नांव नाहीं, एक ठराविक नियमहि नाहीं. तेव्हां आम्हीं त्यास अनंत बाबाजी देवधर यांच्या ‘मराठी खेळांचें पुस्तक’ या १९०५ सालच्या ग्रंथाविषयीं सांगितलें, आणि त्यानंतर बडोद्याच्या मुजुमदारांनीं दहा खंडांत सिद्ध केलेल्या व्यायाम ज्ञानकोशाविषयींहि. खोखोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ च्या सुमारास बांधले, म्हणून तो सामन्यांत आला. आट्यापाट्या मागें पडल्या, सूरपारंब्या तर झाडांबरोबरच गेल्या. त्या खेळांची गोडी कमी होती म्हणून हें झालें, असें कोणी सिद्ध केलेलें नाहीं. पडद्यावरचे खेळ तरी सुरक्षित आहेत असें वाचकांनीं समजूं नये. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेच्या २०२३ च्या पाहणींत असें आढळलें कीं, अमेरिकेंत २०१० पूर्वीं निघालेल्या जुन्या खेळांपैकीं शेंकडा ८७ त्या वेळीं बाजारांत मिळतच नव्हते. आमच्या साठांपैकींहि कित्येकांच्या केवळ नकलाच हातीं लागल्या.

साठावा खेळ पुण्याचा निघाला. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यांतील मंडळीनें २०२० सालीं काढलेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’. धाकट्या भावाच्या शोधांत निघालेली राजी नांवाची मुलगी त्याची नायिका आहे. पुतण्याच्या रकान्यांत तो पांचवा, आमच्यांत नववा. घरचा म्हणून आम्हीं त्यास एखादी पायरी अधिक चढविली असेल.

वही पुरी झाली त्यानंतर पुतण्या आणखी आठ दिवस राहिला. रोज सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं तो मोटारसायकलीवरून शेजारच्या गांवांच्या माळांवर जाई आणि खडकावरचे पट उतरून आणी. म्हसवडच्या वाटेवर त्यास एक निराळ्याच आंखणीचा सांपडला. वहीच्या मागच्या पानांवर आतां पांच पट आहेत. प्रत्येकाखालीं गांवाचें नांव, वाघ किती, शेळ्या किती, आणि कोणापासून कळलें तें. क्रमांकाचा रकाना त्यानें आंखला आहे, पण भरलेला नाहीं. आटपाडीकडचे अजून पाहावयाचे आहेत, असें त्याचें परवांच पत्र आलें.