कोरा पुतळा आणि लिहिलेला चौक

व्हिडिओ गेममधला नायक खेळणाऱ्याला बहुतेक वेळा आयताच मिळत आला आहे. १९८१ साली 'डाँकी काँग' आला तेव्हा त्यातल्या नायकासाठी शिगेरू मियामोतो यांना पडद्यावर मोजकेच ठिपके उपलब्ध होते. तेवढ्यात चेहरा कळावा म्हणून नाकाखाली मिशी आली आणि केस काढायची कटकट टळावी म्हणून डोक्यावर टोपी आली. हाच पुढे मारिओ झाला. पुढच्या कित्येक पिढ्या त्याच मिशीवाल्याला घेऊन खड्ड्यांवरून उड्या मारत राहिल्या. नायक कसा दिसावा, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

२००४मध्ये निन्टेंडोचं डीएस हे दोन पडद्यांचं यंत्र बाजारात आलं. त्याचा खालचा पडदा स्पर्श ओळखायचा आणि सोबत लेखणीसारखी एक कांडी मिळायची. ही सोय हाताशी धरून फिफ्थ सेल या अमेरिकन कंपनीने २००७मध्ये 'ड्रॉन टू लाइफ' हा खेळ काढला. त्याची गोष्ट अशी : रापोसा नावाच्या प्राण्यांच्या गावावर अंधार पसरतो. ज्या पुस्तकातून त्यांची सृष्टी निर्माण झाली, त्याची पानं फाटून विखुरतात. गावकरी निर्मात्याचा धावा करतात. हा निर्माता म्हणजे खेळणारा. गावात एक कोरा लाकडी पुतळा असतो. त्यावर आपण जे काढू ते रूप घेऊन पुतळा चालू लागतो, उड्या मारतो, पानं गोळा करतो. वाटेत उभं राहायला लागणाऱ्या फळ्यासुद्धा अधूनमधून आपणच काढायच्या.

हे जमतं कसं, तर पुतळ्याचं डोकं, धड, हात आणि पाय आधीच वेगवेगळे ठरलेले असतात. सांधे कुठे, हे यंत्राला ठाऊक असतं. आपण हाताला मासा काढा नाहीतर झाडू, तो हातासारखाच हलणार. जे ठरलेलं आहे त्याच्या जोरावर बाकीची मोकळीक मिळते. वही पूर्ण कोरी दिली असती तर चित्र निघालं असतं, पण ते चाललं नसतं.

मी माहीमची, हे मुंबईतलं माहीम नव्हे, पालघरजवळचं. १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात आमचं माहीम तालुका म्हणून नोंदलेलं आहे. समुद्राच्या अंगाला वाड्या आणि पानमळे, तर रेल्वेमार्गाच्या पलीकडे डोंगराकडे जावं तसतसे वारली पाडे. त्यामुळे ठरलेला सांगाडा आणि त्यात भरलेला जीव म्हटलं की मला पाड्यावरची भिंत आठवते. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं, आणि हातापायांच्या रेषा. दोन त्रिकोण जिथे भेटतात तिथे कंबर. तो बिंदू किंचित सरकवला की माणूस वाकतो, लावणी करतो, तारपा वाजवतो, गोल धरून नाचतो. नाक-डोळे नसले तरी तो काय करतो आहे हे लांबूनही कळतं. त्या अमेरिकन खेळाचं आणि या भिंतीचं काही नातं नाही. पण कमी रेषांतून हालचाल कशी उभी करायची, हा पेच दोघांनीही आपापल्या परीने सोडवला आहे.

फरक आहे तो काढणाऱ्या हातात. लग्नघरात चौक लिहिल्याशिवाय वारल्यांचं लग्न लागत नाही. लिहिल्याशिवाय हाच शब्द बरोबर, कारण तिथे चौक काढत नाहीत, लिहितात. शेणाने आणि गेरूने सारवलेली कुडाची भिंत, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्यावर सवाशिणी चौक लिहितात. मधे पालघट देवी, चहूबाजूंनी नक्षीच्या पट्ट्या, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. लग्न लावणारी धवलेरीही बाईच, ती गाणी म्हणते. म्हणजे देवीला भिंतीवर आणणं आणि तिच्यासमोर लग्न लावणं, दोन्ही बायकांकडे. पुढे भिंत पुन्हा सारवली की चौक पुसला जातो. पुढच्या लग्नाला नवा.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले आणि भिंतीवरचं चित्र कागदावर उतरलं. कागद सारवायचा नसतो. तो टिकतो, विकला जातो, त्याच्या कोपऱ्यात सही करता येते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हा कागद खऱ्या अर्थाने आपलासा केला. चौकाबाहेर पडून त्यांनी मासे धरणारं जाळं, मुंग्यांची वारुळं, शेतं, गोष्टी असं सगळं काढलं. १९८९मध्ये त्यांची चित्रं पॅरिसच्या गाजलेल्या 'मॅजिसियां द ला तेर' प्रदर्शनात होती. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८मध्ये ते गेले. त्यांचं मोठेपण वादातीत आहे. पण भिंतीवरून कागदावर येताना बायकांच्या हातातली काडी बव्हंशी पुरुषांच्या हातात गेली, हेही त्याच इतिहासात आहे.

आम्हा किनाऱ्याकडच्यांना वारली चित्र भेटलं ते त्यानंतर : चादरींवर, कपांवर, सरकारी भिंतींवर. नाचणारी ती माणसं ओळखीची झाली, पण लिहिणाऱ्या कोण हे विचारावंसं वाटलं नाही. २०१४मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नाव आणि मूळ जागा राखली जाते. मात्र हे मानांकन समूहाचं असतं, त्यात एकेकट्या बाईचं नाव येत नाही.

'ड्रॉन टू लाइफ'मधलं गाव चित्र काढणाऱ्याला पदोपदी निर्माता म्हणतं. घरी बसून चार रेघा मारणाऱ्या पोराला हा मान फुकट मिळतो, आणि त्याला त्याचं अप्रूप वाटतं ते योग्यच. मुळात नायक स्वतः काढण्यातली गंमत हीच की हा माझ्या हातचा, असं म्हणता येतं. खेळ प्रकाशित करणारी टीएचक्यू कंपनी २०१३मध्ये बंद पडली, तरी एखाद्या जुन्या कार्ट्रिजमध्ये कुणाचा तरी वाकडातिकडा नायक अजून असेल, आणि तो कुणी काढला हे त्या घरात माहीत असेल.

पाड्यावरच्या बाईला असं म्हणायची गरज कधी पडली नाही, कारण भिंत तिच्या घराची होती आणि लिहिताना सगळा पाडा बघत होता. चित्र पाड्याबाहेर गेलं आणि तो बघणारा पाडा मागे राहिला. आता एखाद्या लग्नात चौक बघायला मिळाला, तर पालघटीला हात जोडल्यावर तो कुणी लिहिला तेवढं विचारावं आणि नाव लक्षात ठेवावं.